गाणं मोडून नाव घ्यायचं नाही

“वैनी, माईक सोडा. चारचौघांत शोभा नको.”

“शोभा तुमीच मांडलीय, भावजी. म्या नुसता धरून ठिवलाय.”

माईकची दांडी एका बाजूनं माझ्या हातात, दुसऱ्या बाजूनं माझे धाकटे दीर सोपानराव यांच्या हातात. समोर लोखंडी खुर्चीवर पाणी सोसायटीचे चेअरमन बसलेले, मागं त्यांची माणसं उभी. ओट्यावर तान्हूबाई जात्याचा खुंटा धरून थांबलेली, तिची ओवी अर्ध्यावर तुटलेली. बारामतीचा बाजार करून जेवायला टेकलेली गिऱ्हाइकं घास हातात धरून आमच्याकडं बघत होती.

“नुस्तं नाव घ्यायला काय जातंय तुमचं?” सोपानराव दात आवळून म्हणाले. “ह्यांच्या शब्दावर ठाण्यातनं माईकची परवानगी मिळती. उद्या ह्यांनी अंग काढून घेतलं तर ओटा बंद हुईल. मग काय करशीला?”

“भाकऱ्या करीन. पर गाणं मोडून नाव घ्यायचं न्हाय म्हंजे न्हाय.”

हे भांडण कसं मिटलं ते सांगणार आहे, पण त्याआधी जरा मागं जावं लागेल. हॉटेल चालवणाऱ्याकडं किस्से साठतात ते भट्टीमागच्या भिंतीवरच्या काजळीसारखे. रोज येता-जाता दिसत नाहीत. एखाद दिवशी बोट लागलं की मग लक्षात येतं, केवढी वर्षं चढलीत. मी शाळेची पायरी चढलेली नाही. वाचायला शिकले ती भजी बांधायच्या रद्दीवरून, आणि लिहायला शिकले भिंतीवर भाजीभाकरीचे भाव लिहिता लिहिता. तेव्हा लिहिण्यात चूक निघाली तर ती माझी. सांगण्यात निघणार नाही.

*

बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की आमचं हॉटेल. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, लाकडी बाकडी. माझे मालक आणि सोपानराव दोघा भावांनी ते उभं केलं. मालक गेले आणि त्यांच्या जागी भट्टीपुढं मी उभी राहिले. नव्वदनंतरची वर्षं ती. रस्त्याला एसटीडीचे बूथ नवेनवे लागत होते, आणि लोक फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलायचे की फोनची गरजच पडू नये.

आमच्याकडं गाणं आलं ते सायकलवरून. रमजान मास्तर गावोगाव फिरून भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचे. एकदा दुपारी जेवायला थांबले. भाकरी व्हायला वेळ होता, म्हणून कॅरियरवरची पेटी उतरवून त्यांनी मांडीशी घेतली आणि भात्यातली हवा कुठं निसटते ते बघायला सूर धरला. सूर धरला तो सोडलाच नाही. जेवून उठलेली माणसं परत बसली. एकेकानं पुन्हा चहा सांगितला.

सोपानरावांनी ते बरोबर हेरलं. म्हणाले, “मास्तर, दर बाजारच्या दिवशी येत जा. जेवण फुकट.”

मास्तर हात धुता धुता म्हणाले, “फुकट जेवलो तर वाजवताना तुमच्या तोंडाकडं बघावं लागंल. पैसं घेत जावा. म्हंजी मला डोळं मिटून वाजवता यील.”

त्याच उन्हाळ्यात आम्ही दगडमातीचा ओटा बांधला. दर बाजारच्या दिवशी दुपार कलली की गाणं सुरू व्हायचं आणि दिवेलागणीला संपायचं.

*

नाव न घेण्याचा नेम पहिल्यापासून नव्हता. आपल्याकडची रीत उलटी. गाणं रंगात आलं की कुणीतरी नोट पुढं करायचं, गाणाऱ्यानं थांबायचं, आणि माईकवरून देणाऱ्याचं नाव, त्याच्या वडलांचं नाव, गावाचं नाव, सगळं वाचायचं. गाणाऱ्याचं नाव मात्र कुणी विचारत नाही. आमच्याकडं हे काम सोपानराव हौसेनं करायचे.

अंथुर्ण्याचे बिरू आबा आमच्याकडं धनगरी ओव्या गायला यायचे. एके काळी त्यांचा मोठा वाडा होता. वाडा म्हणजे मेंढरांचा कळप. पोरांनी ऊस लावला, मेंढरं विकली, आणि आबांच्या हातात नुसती काठी उरली. त्या दिवशी ते स्वतः रचलेली ओवी गात होते. कळप घेऊन कोकणात उतरलेले असताना नदीला अचानक पाणी वाढतं, निम्मी मेंढरं अलीकडं, निम्मी पाण्यात, आणि आबा काठावरून त्यांना हाळी देतात. जेवणारी माणसं चावायची थांबली होती.

तेवढ्यात सोपानरावांनी माईक ओढला. “थांबा थांबा, आबा. नवीन ट्रॅक्टर घेतल्याच्या आनंदात आपले पाव्हणे श्रीयुत अमुक अमुक, राहणार तमुक, बिरू आबांना बक्षीस देत आहेत. टाळ्या होऊ द्या.”

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या असतील, तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. आबांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि ओट्यावरून उतरून चालू लागले.

पुढच्या बाजारी ते नेहमीसारखे चहाला आले. लोक म्हणाले, “आबा, ती ओवी पुरी करा की.”

“मेंढरं भर पाण्यात हुती,” आबा म्हणाले. “म्या त्यास्नी हाळी देत हुतो. मधीच तुमी टाळ्या वाजिवल्या. आता आठ दिसांनी तितं जाऊन काय बघू?”

चहा पिऊन ते गेले. त्यानंतर दुसऱ्या ओव्या त्यांनी पुष्कळ म्हटल्या, ती परत कधी घेतली नाही. वर्षाच्या आत ते वारले. ती ओवी त्यांची स्वतःची, दुसऱ्या कुणाला येत नव्हती. तो कळप पलीकडं लागला का नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

मी माईक काथ्यानं खांबाला बांधून टाकला, खाली बसून गाणाऱ्याच्याच तोंडाशी येईल असा. ओट्यापुढं परात ठेवली. ज्याला द्यायचं त्यानं परातीत ठेवावं आणि गुमान आपल्या जागेवर जाऊन बसावं.

*

नावाची भूक पोटातल्या भुकेपेक्षा वाईट, हे मला हॉटेलानं शिकवलं.

एक बागाईतदार होते. टोमॅटो चांगला पिकायचा त्यांच्याकडं. नाव घेत नाहीत म्हटल्यावर त्यांनी गाणाऱ्यांच्या जेवणासाठी म्हणून टोमॅटोचं आख्खं क्रेट आणून ओट्यावर मधोमध ठेवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “आक्का, नेम मोडू नका. माझं नाव घिऊच नका. कुणी इचारलं तरच सांगा.”

मी त्याचं सार केलं. लोकांनी खरंच विचारलं, “आक्का, टोमॅटो कुणाचं?”

“झाडाचं,” मी म्हणाले.

बागाईतदार समोरच जेवत होते. त्यांनी मान खाली घातली आणि सार आणखी मागितलं.

*

दगडू आप्पांचं सांगायचं नव्हतं, पण सांगते.

दगडू आप्पा हलगी वाजवायचे. हात असा, की उकळतं दूध बघत उभ्या असलेल्या माझ्या पायालाही ठेका लागायचा. ओट्यावर सगळ्यांबरोबर बसायचे. जेवायची वेळ झाली की मात्र आपलं जर्मनचं ताट घेऊन पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसायचे. गावागावांत त्यांना तसंच वाढलं जात होतं, त्यामुळं ‘आत या’ म्हटलं तरी त्यांना ते खरं वाटत नसावं. मी दर बाजारी त्यांचं पान आत मांडायची आणि ते तसंच राहायचं. दोघातिघा गिऱ्हाइकांनी मला ऐकवलं, “आक्का, त्यो आत बसला तर आमी उद्यापासनं येणार न्हाय.” मी त्यांना रस्ता कुठं आहे ते हात करून दाखवलं.

शेवटी मला राग आला. माझं ताट घेतलं, टाकीमागं गेले आणि त्यांच्या शेजारी मातीत फतकल घालून जेवायला बसले. आतले सगळे उठून बघायला लागले.

आप्पांनी घास खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाले, “आक्का, कुणाची नदर लागत न्हाय अशी ही एक जागा हुती. तितं तुमी बसला. आता म्या कुठं जाऊ?”

मी माझं ताट उचललं आणि आत गेले.

*

आता तान्हूबाई.

कन्हेरीची बाई. बाजारात मेथी-कोथिंबीर विकायची आणि पाट्या रिकाम्या झाल्या की आमच्याकडं चहाला टेकायची. जात्यावरच्या ओव्या तिच्याइतक्या कुणाला येत नव्हत्या, पण गावात पिठाची गिरणी आल्यापासून तिचं गाणं बंद पडलं होतं. ओट्यावर बस म्हटलं तर म्हणाली, “हातात खुंटा नसंल तर माझ्या तोंडाला शबुद येत न्हाय.” मी घरातलं जातं ओट्यावर आणून मांडलं. तेव्हापासून ती एकेक मूठ ज्वारी घालायची, दळायची आणि गायची. मुठीतले दाणे सरेपर्यंत ओवी, आणि पुढच्या मुठीला पुढची ओवी.

माईकवरून भांडण झालं त्याच्या महिनाभर आधी चेअरमनची आई वारली होती. ती आणि तान्हूबाई एकाच गल्लीत नव्या नवऱ्या म्हणून आल्या, आणि वर्षानुवर्षं एका जात्याला दोन बाजूंनी बसून दळत राहिल्या. चेअरमननी निरोप धाडला: आईला आवडायच्या त्या ओव्या तान्हूबाईनं म्हणाव्यात, मी ऐकायला येतो.

ते आले. पांढरे कपडे, डोक्याचे केस नुकतेच उगवू लागलेले. तान्हूबाईनं पहिली मूठ घातली, देवाची ओवी झाली. दुसरी मूठ घातली, आणि तिनं मैत्रिणीचं माहेर धरलं. तिथली विहीर, तिथली चिंच, गाडीत बसताना मागं वळून बघणारी पोर. चेअरमन पुढं झुकून ऐकत होते. तेवढ्यात त्यांचा एक माणूस नोटा घेऊन सोपानरावांच्या कानाशी लागला. सोपानरावांनी खांबावरचा काथ्या सोडला आणि माईक उचलला. मी भट्टीवरून धावत येऊन त्याची दांडी धरली. सुरुवातीला सांगितलं ते हे.

माझं ‘न्हाय म्हंजे न्हाय’ झाल्यावर चेअरमन उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस तडकणार आणि परवानगी गेली. ते तडकले नाहीत.

“आक्का,” ते म्हणाले, “माझं नाव नका घिऊ. माझं नाव लई जागी घेत्यात. माझ्या आईचं घ्या. तिचं नाव कंदी कुणी माईकवर घेतलं न्हाय. एकडाव सगळ्यांनी ऐकावं, एवढंच हाय.”

माझ्या हातातली दांडी ढिली पडली. दुसऱ्या कुणाच्या नावाला मी जन्मभर नाही म्हटलं असतं, पण गेलेल्या बाईच्या नावाला नाही कसं म्हणायचं? बाकड्यावरची माणसंही म्हणाली, “घिऊ द्या, आक्का.” मी मागं सरले. सोपानरावांनी माईक तोंडाशी नेला आणि विचारलं, “मातोश्रींचं नाव काय सांगू?”

“गंगूबाई,” चेअरमन म्हणाले.

तान्हूबाईनं सोपानरावांना हातानं थोपवलं. “गंगू आमच्या गल्लीत आल्यावरची,” ती म्हणाली. “लग्नात सासरच्यांनी ठिवल्याली. त्येच्या आदी ती कोण हुती?”

चेअरमनना कळलं नाही. “आदी म्हंजी?”

“म्हायेरी. तिच्या आईबानं काय नाव ठिवलं हुतं?”

चेअरमननी तोंड उघडलं. मग मागं आपल्या माणसांकडं बघितलं. त्यांच्यात त्यांचे थोरले भाऊ होते, चुलते होते. चुलत्यांनी भावाकडं बघितलं, भावानं जमिनीकडं. सोपानरावांच्या हातातला माईक नुसताच घुमत राहिला.

“कुणी कंदी घेतलंच न्हाय त्ये नाव घरात,” चेअरमन म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान पोरासारखा झाला होता.

तान्हूबाईनं पाटीतली ज्वारी मुठीत घेतली, जात्याच्या तोंडात सोडली आणि खुंटा दोन्ही हातांनी धरला.

“खाली बसा, लेकरा, हे दाणं सरायच्या आत ओवीतच येतंय तुमच्या आईचं नाव, तेवढं कान दिऊन ऐका.”