थांबा म्हणणारे रज्जाकभाई

भूमच्या एसटी स्टँडसमोर रज्जाकभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी पाणी द्यायचे, मग खुर्ची पुसून द्यायचे आणि मग कॉम्प्युटर घेऊ नका म्हणून सांगायचे.

"आत्ता न्हाय. दिवाळीच्या पुढं नवीन प्रोसेसर येतंय. निम्म्या वेळात काम करतंय म्हणं."

दिवाळी झाली की म्हणायचे, "आलंय, पण पहिल्या खेपेचं घेऊ नका. उन्हाळ्यात भाव उतरंल." उन्हाळ्यात गेलं, तर पुन्हा दिवाळीचं नवीन ठरलेलं असायचं. कंटाळून माणूस बार्शीला जाऊन मशीन घेऊन यायचा आणि बिघडलं की ते रज्जाकभाईंकडेच आणायचा. मी सांगितलं होतं, असं भाई कधी म्हणाले नाहीत. कॅबिनेट उघडून आत बघायचे आणि एवढंच बोलायचे, "ह्याला आता थांब म्हणून उपेग न्हाय." त्यांचं घर या दुरुस्तीवर चालायचं. पूर्वी ते रेडिओ आणि शिलाई मशिनी दुरुस्त करत. त्याही त्यांनी कधी विकल्या नव्हत्या.

मी भूमजवळच्या ईट गावची. माझा नवरा महादेव लग्नाचं शूटिंग करतो आणि एडिटिंग मी करते. त्यानं नवीन कॅमेरा घेतला आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरला त्यातलं चित्र पेलवेना. हळदीचा प्रसंग जोडायला लावून मी भाकरी करायचे, जेवायचे, भांडी घासून परत यायचे, तरी पडद्यावरची हिरवी पट्टी अर्धीसुद्धा सरकलेली नसायची. एका लग्नाची फिल्म आम्ही दिली, तेव्हा नवरीच्या मांडीवर पोर होतं. तिच्या सासऱ्यांनी पेनड्राइव्ह घेतला, चहा पाजला आणि बारशाचं शूटिंग दुसऱ्याला दिलं. त्या वर्षी अशी चार घरं आमच्या हातून गेली.

"भाई, आता मला मशीन पाहिजेच," मी जाऊन सांगितलं.

"जानेवारीत नवीन येतंय, ताई. आत्ता घेतलं तर दोन महिन्यांत तुमचं मशीन म्हातारं."

"आणि जानेवारीत घेतलं तर?"

"ते फुडल्या जानेवारीत म्हातारं."

"मग फरक काय पडला?"

भाईंकडे दोन चष्मे होते, एक लांबचा, एक जवळचा. विचार करताना ते कपाळावरचा डोळ्यांवर घ्यायचे आणि डोळ्यांवरचा कपाळावर ठेवायचे. तसं करून ते म्हणाले, "फरक हाय. एक वर्साचा."

महादेव एकदा भांडायचं म्हणूनच भूमला गेला. संध्याकाळी परत आला तो शांत होता. "ज्या सॉकेटमध्ये प्रोसेसर बसतो, ते सॉकेटच बदलणार आहे म्हणे," तो म्हणाला. "आत्ता घेणं वेडेपणाचं आहे."

बार्शीला जावं असं आम्हाला वाटत नव्हतं, असं नाही. पण लग्नाच्या हंगामात मशीन बंद पडलं की रज्जाकभाई ईटपर्यंत एसटीनं यायचे. खिशात पेचकस आणि रुमालात गुंडाळलेला ब्रश. कधी सणाचा दिवस असला तरी यायचे. अशा माणसाला सोडून दुसरीकडं खरेदी करायला मन धजत नव्हतं.

ते असं का वागतात, हे मला त्यांच्या बायकोनं, शमीमभाभींनी सांगितलं. दुकानामागंच त्यांचं घर. मी आत चहा पीत बसले होते.

"ह्यांनी एकदाच मनापासून मशीन विकलं," भाभी म्हणाल्या. "तामलवाडीची एक बाई होती. माहेर इथलं, म्हणून भावाला घेऊन आली. पोरगी बारावी झालेली, तिला पाहिजे म्हणत होती. म्हैस विकून आली होती बिचारी. ह्यांनी दिलं बांधून. अकरा दिवसांनी नवीन प्रोसेसर आलं, त्याच भावात, दुप्पट चालणारं. येणार ते ह्यांना ठाऊक होतं. बाई लांबून आलीय, रिकाम्या हातानं कशी पाठवू, म्हणून बोलले न्हायत. तवापासून कुणाला काय द्यायला गेलं की ती म्हैस आठवते ह्यांना."

"किती वर्षं झाली?"

"आठ."

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी महादेवला तामलवाडीतलं एक लग्न मिळालं. मीही गेले होते. फिल्ममध्ये टाकायला पाव्हण्यांची नावं नीट लिहून हवी होती, म्हणून मी रस्त्याकडेच्या एका टायपिंगच्या दुकानात शिरले. एक तरुण बाई काम करत होती आणि तीन मुली तिच्याकडं शिकत होत्या. टेबलाखालच्या कॅबिनेटवर रज्जाकभाईंच्या दुकानाचं स्टिकर होतं, कडा पार झिजलेल्या.

"हे भूमचं मशीन?" मी विचारलं.

"व्हय. आईनं म्हैस विकून घेऊन दिलेलं," ती म्हणाली. तिचं नाव प्रियंका. सातबाराचे अर्ज, लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं ती त्याच्यावर करत होती. दुकानामागच्या दोन खोल्याही तिनं बांधल्या होत्या.

हे मी रज्जाकभाईंना सांगितलं तेव्हा ते सोल्डरिंग करत होते. त्यांनी हातातलं काम पुरं केलं, तार गार होऊ दिली आणि विचारलं, "पंखा आवाज करतोय का त्याचा?"

"थोडा करतोय."

"मग जायला पाहिजे," ते म्हणाले.

आम्ही मंगळवारी निघालो. भूमहून बार्शी, बार्शीहून तुळजापूर, तिथून तामलवाडी. वाटभर भाईंनी नवीन पंखा मांडीवर धरला होता. दुकानात गेल्यावर नमस्कार-चमत्कारही न करता ते खाली बसले आणि कॅबिनेट उघडलं. आठ वर्षांची धूळ ब्रशनं काढली, पंखा बदलला, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. मशीन चालू केलं आणि कान लावून ऐकत राहिले. तोवर प्रियंकाची आई शेवंताबाई शेतातून आल्या. त्यांनी भाईंना लगेच ओळखलं.

"लई चांगलं मशीन दिलंत, भाऊ," त्या म्हणाल्या.

भाई उभे राहिले. दोन्ही चष्मे काढून हातात घेतले.

"चांगलं न्हवतं, बाई. तुमी नेलं, त्याच्या अकराव्या दिवशी दुसरं आलं. त्याच पैशात, दुप्पट जोराचं. येणार ते मला ठाऊक व्हतं. म्या बोललो न्हाय."

शेवंताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्या थोडा वेळ हिशेब लावत असाव्यात, असं वाटलं.

"मग त्या अकरा दिसांत पोरगी टायपिंग शिकली की," त्या म्हणाल्या. "आन् बाराव्या दिशी तिला ग्रामपंचायतीनं काम दिलं. थांबली असती तर ते दुसरीला गेलं असतं." मग प्रियंकाकडं वळून म्हणाल्या, "चहा टाक. का नुसतंच बसवून ठेवलंस पाव्हण्याला?"

भाई चहा प्याले. दुसरा कप दिला, तोही प्याले. निघताना प्रियंकानं विचारलं, "काका, मुली वाढल्यात. अजून एक मशीन लागतंय. आत्ता घेऊ, का थांबू?"

मी भाईंकडं पाहिलं. तेव्हा डिसेंबर अर्धा संपला होता.

"किती पोरी ताटकळत बसत्यात?" त्यांनी विचारलं.

"दोघी."

"मग घे," भाई म्हणाले.

परतीच्या गाडीत बार्शी जवळ आली, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "ताई, परवा या. तुमचं बी बांधून देतो." मी जानेवारीचं काही विचारलं नाही. न जाणो, त्यांना आठवलं असतं.

नवं मशीन आलं आणि हळदीचा प्रसंग भाकऱ्या होण्याआधी जोडून व्हायला लागला. जानेवारीत नवा प्रोसेसर खरंच आला. त्या सकाळी भाईंचा फोन आला.

"आलंय बघा."

"बघितलं, भाई."

"वाईट वाटतंय?"

"दोन लग्नांच्या फिल्मा दिल्या या महिन्यात. एका घरानं साखरपुड्याचंही काम दिलंय."

"मग असू द्या," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी दहा-बारा मशिनी विकल्या असतील. थांबा म्हणणं सुटलं नाही, पण आधी ते कामाचं विचारू लागले. ज्याचं काम खोळंबलंय त्याला त्याच आठवड्यात मशीन मिळायचं. नुसत्या हौसेनं आलेल्याला ते पाणी पाजून परत पाठवायचे.

गेल्या पावसाळ्यात दुकानातच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बार्शीच्या दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. आत बायकांच्या बैठकीत शेवंताबाई आणि प्रियंका बसलेल्या होत्या. तीन गाड्या बदलून, पहाटेच निघून आल्या होत्या. शमीमभाभींनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तुमी कोण?"

शेवंताबाई जरा संकोचल्या.

"आमी तामलवाडीचं, त्यांचं गिऱ्हाईक," त्या म्हणाल्या.

भाभींनी सरकून त्यांना आपल्या शेजारी जागा करून दिली.