पाहिलं होतं ते मित्राने

लंडनच्या पोर्टोबेलो रोडला ज्या बंदराचं नाव मिळालं, ते पनामाच्या किनाऱ्यावर आहे. पेरूची चांदी खेचरांवरून डोंगर ओलांडून तिथे यायची, जकातघरात रचली जायची आणि स्पेनचा ताफा आला की जहाजांवर चढायची. ते जकातघर अजून उभं आहे. प्रवाळाच्या दगडांचे किल्ले आहेत, समुद्राकडे तोंड करून गंजलेल्या तोफा आहेत. दोन-अडीच वर्षांपूर्वी, नवं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हा, या बंदराबद्दल मी लंडनमधल्या पिनरच्या मराठी मंडळात बोललो, मग लेस्टरला.

मी तिथे कधी गेलेलोच नाही.

तरुणपणी मी आणि माझा मित्र एकाच मालवाहू जहाजावर इंजिनियर होतो. पनामा कालव्यात शिरायला आमचा नंबर लागायचा होता. इंजिनरूमच्या शिडीवरून पडून माझा पाय प्लॅस्टरमध्ये, म्हणून तो एकटाच बसने बंदर पाहून आला. परतल्यावर माझ्या बंकवर बसून त्याने सगळं सांगितलं. जकातघर त्याने पावलांनी मोजलं होतं. "आत कोणी नव्हतं रे," म्हणाला, "पण दाराकडे पाठ करून उभं राहवेना."

तो वारल्यावर वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याने तिथे काढलेल्या फोटोंच्या स्लाइड्स मला दिल्या.

पिनरला मी त्याच्यापासूनच सुरुवात करणार होतो. पण शाल घालताना अध्यक्षांनी "हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले" अशी ओळख करून दिली, टाळ्या पडल्या, हातात नारळ आला. मी गप्प राहिलो. पुढे "जकातघर मी पावलांनी मोजलं" हेही तोंडातून गेलं.

लेस्टरच्या भाषणाला वहिनी आल्या होत्या. त्या तिथे मुलीकडे राहतात. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाल्या, "भावोजी, तेव्हा तुमचा पाय मोडला होता ना? हे एकटेच गेले होते, असं सांगायचे."

शेजारचा कार्यकर्ता हसला. "काकू, प्रश्नोत्तरं संपली बरं का! आता फक्त बटाटेवडे."

"पाय पुढच्या ट्रिपला मोडला, वहिनी," मी म्हणालो.

त्या कपाकडे बघत राहिल्या. "असेल. वय झालं माझं."

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीकडून कळलं, आई आता बाबांबद्दल काही सांगतच नाही. विचारलं तर म्हणते, मला नक्की आठवत नाही.

तेव्हापासून मी झोपेत त्या जकातघरात असतो. न पाहिलेल्या भिंतींचा ओलसर वास येतो. मित्र पुढे पावलं मोजत चाललेला. मी हाक मारतो, तो आकडा न चुकता चालत राहतो.

गेल्या रविवारी लेस्टरला गेलो. दारातूनच म्हणालो, "वहिनी, पाय त्याच ट्रिपला मोडला होता. तो एकटाच गेला होता. तुम्हाला बरोबर आठवत होतं."



"दोन वर्षं मला वेड्यात काढलंत," त्या म्हणाल्या. मग आत वळून मुलीला हाक मारली. "इकडे ये गं. तुझे बाबा त्या दिवशी बसमधून उतरले ना, तेव्हा..."

मला बसा म्हणाल्या नाहीत. मी दाराशी उभा राहून ऐकलं. त्यातलं निम्मं त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं.