अकरा तास की नऊ हजार दोनशे किलोमीटर?

आमच्या वरच्या मजल्यावरचे तिकीटकाका विमानाची तिकिटं काढून देतात. अठ्ठावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्यांनी निम्मी वस्ती परदेशी धाडली. स्वतः मात्र विमानतळाच्या दारापर्यंतच पोचले, तेही लेकीला सोडायला.

दुकानाचा त्यांचा एक नियम आहे: गिऱ्हाइकाला किलोमीटर सांगायचे नाहीत, तास सांगायचे. किलोमीटर ऐकले की आईबापांचा धीर सुटतो. "अकरा तास हो फक्त! जेवलात, झोपलात की उतरलात," असं म्हणत त्यांनी कित्येक रडव्या आयांची समजूत घातली. लेक लग्न होऊन निघाली तेव्हा काकूंनाही हेच ऐकवलं.

यंदा लेकीला दिवस गेले. "बाबा, बाळ यायच्या आत दोघंही या," ती फोनवर म्हणाली.

"अगं, नऊ हजार दोनशे किलोमीटर आहे ते!"

भाजी निवडता निवडता काकूंनी मान वर केली. मग पुन्हा देठं खुडू लागल्या.

मग कारणं सुरू झाली. जाताना वारा समोरून असतो, तासभर जास्त लागतो. आत्ता धुकं असेल. पुढे गर्दी असेल. लेकीला आठवा लागला तरी काकांचा वारा काही पडेना.

एका मंगळवारी काकू सरळ दुकानात गेल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला.

"बोला," म्हणत काकांनी वर पाहिलं. "तू? घरी सांगायचंस की!"

"घरी किलोमीटर मिळतात. इथे तास मिळतात म्हणे."

मागे उभे असलेले आजोबा फिसकन हसले.

"लेकीकडचं तिकीट द्या. एक."

"एकच?"

"दुसऱ्या माणसाला वारा बाधतो."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मग हळूच म्हणाले, "मला भीती वाटते गं. लोकांना सांगताना काही वाटत नाही. आपण बसायचं म्हटलं की किलोमीटरच आठवतात."

"माहीत आहे. पोरीचं विमान उतरेपर्यंत तुम्ही पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हतात."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. बाळ कशाला थांबेल?"

"अहो साहेब, दोन काढून टाका," आजोबा म्हणाले, "आमचा खोळंबा होतोय."

काकूंनी पर्समधून दोन्ही पासपोर्ट काढून टेबलावर ठेवले. काकांनी आधी बायकोचं नाव टाइप केलं, मग स्वतःचं. स्वतःच्या नावात दोनदा चुकले.

"खिडकी कुणाला?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"मला. तुम्ही डोळे मिटूनच बसणार आहात."