गोठ्याच्या भिंतीतलं मोहोळ

सौंदडला आमच्या घरामागे बाडी आहे. कोहळं, कारली, काकडी, वांगी सगळं मीच लावते. बाडीला लागून धाकट्या दिराचा गोठा. त्याच्या मातीच्या भिंतीतल्या भोकात सातेरी माशांनी मोहोळ केलं होतं. आपल्याकडच्याच लहान, शांत माशा.

मागच्या वर्षी दिराने भिंतीला सिमेंट मारायचं ठरवलं. भोक बुजवायला तो घमेल्यात माती कालवून आला, तशी मी आडवी उभी राहिले.

"काऊन वहिनी? गाय बांधाले गेलो की माशा तोंडाशी येऊन राहिल्या."

"चावली का एक तरी?"

"आज नाही, उद्या चावन."

"त्या गेल्या त कोहळं धरन नाही."

तो हसला. "पाणी मी देऊन राहिलो, शेणखत माहं. माशा काय करतेत?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी मी त्याला कोहळ्याच्या वेलाजवळ नेलं आणि सकाळी उमलणाऱ्या दोन मादी कळ्या दाखवल्या. त्यांच्या बुडाशी सुपारीएवढं कोवळं फळ असतं, त्यावरून त्या ओळखू येतात. एकीवर मलमलची पिशवी बांधली, दुसरी उघडी ठेवली.

"पाणी, खत दोघीले सारखंच," मी म्हटलं. "तवरक भोक राहू दे."

मला खात्री होती, तरी पहाटे जाऊन बसलेच. नर फुलांतून पिवळ्या परागाने माखलेल्या माशा निघायच्या आणि उघड्या मादी फुलात शिरायच्या. एक पिशवीवर बसली, जरा फिरली आणि उडून गेली. दुपारपर्यंत दोन्ही फुलं मिटली.

आठवड्याभरात पिशवीतलं फळ पिवळं पडून गळालं. दुसरं मुठीएवढं झालं. दिराने गळालेलं फळ उचलून नखाने फोडून पाहिलं. गवंडी आला तेव्हा त्याला म्हणाला, "तो कोपरा सोड."

गवंड्याने भोकाजवळ थापी ठोकलीच, आणि कानाला डंख खाल्ला. जाऊबाईंनी चहा देऊन त्याची समजूत काढली. गाईचा खुंटा दिराने पलीकडच्या टोकाला नेला.

आता वांग्यावर औषध मारायचं झालं तर मी संध्याकाळीच मारते, माशा घरी परतल्यावर. कोथिंबिरीचा एक वाफा न खुडता फुलू देते. शेजारणी विचारतात, कोहळी एवढी कशी लागतात. मी त्यांना भिंतीपाशी नेते आणि बाजूला उभं राहून बघायला सांगते. माशांची वाट तेवढी अडवायची नाही.