नागपंचमीला खणायचं नाही

ॲरिझोनात घर घेतलं की विंचवाचे किस्से जमवावे लागत नाहीत, दाराच्या फटीतून आपोआप आत येतात. आमच्या वसाहतीत पाच मराठी घरं. कुणाकडेही चहाला जा, व्हिसा आणि मुलांच्या शाळा दोन मिनिटांत आटपतात, मग "परवा काय झालं माहितेय?" सुरू!

आता सांगताना मी हसतो. पण त्या उन्हाळ्यात माझी पार तंतरली होती. आमची ईरा अकरा महिन्यांची, दिवसभर रांगायची आणि दिसेल ते तोंडात घालायची. फ्रीमाँटचं टाउनहाउस सोडून इथे यायचा हट्ट माझा. मला मोठं अंगण हवं होतं ना! बायकोनं, मुग्धानं, एके दिवशी शांतपणे सांगितलं, "ईरा चालायला लागायच्या आत हे अंगण सेफ कर. नाहीतर ती पहिलं पाऊल टाकेल त्या दिवशी मी तिला घेऊन ताईकडे, फ्रीमाँटला."

मुग्धा ओरडली की मी घाबरत नाही. शांतपणे बोलली की घाबरतो.

* * *

खांबेटे काका इथले सगळ्यांत जुने, त्यामुळे सगळ्यांचे सल्लागार. त्यांनी मला जांभळ्या उजेडाची बॅटरी आणून दिली. "यात विंचू चमकतो. रेडियमच्या घड्याळासारखा!"

अंधार पडल्यावर मी एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन निघालो. मागे काका. भिंतीपाशी काहीतरी चमकलं. मी सहा फटके हाणले. काका म्हणाले, "अजून दोन. हे मेल्याचं सोंग घेतात." अजून दोन हाणले.

मग पोर्चचा दिवा लावून बघितलं तर ईराचा मोजा! डिटर्जंटनं धुतलेले पांढरे कपडेही त्या उजेडात चमकतात, हे काका सांगायला विसरले होते.

मुग्धा दारातून बघत होती. म्हणाली, "छान. आता ईराला मोज्यांपासून काही धोका नाही."

* * *

मग मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ला मागितला. गाढवपणा! एक म्हणाली दालचिनी टाक, दुसरी म्हणाली लव्हेंडर. नागपूरचा सारंग म्हणाला, "कोंबड्या पाळ यार, विंचू मटकावून टाकतात." वसाहतीचे नियम काढून बघितले, तर कोंबड्यांना बंदी. विंचवांबद्दल मात्र नियमांत एक अक्षर नाही.

शेवटी मी दालचिनी आणि लव्हेंडर दोन्ही टाकलं. नेमकं काय चालतं हे कळायला मार्गच नव्हता. आठवडाभर आमचं अंगण मिठाईच्या दुकानासारखं घमघमत होतं. आठव्या दिवशी दालचिनीच्या सालीखाली एक विंचू निवांत बसलेला. मी फोटो काढून काकांना पाठवला.

काकांचा रिप्लाय आला, "साल उचल. त्याला आयती सावली झालीये."

* * *

काकांचा एक उपाय मात्र मला पटला होता. विंचू गुळगुळीत काचेवर चढू शकत नाही, म्हणून ईराच्या पलंगाचे चारी पाय मी काचेच्या बरण्यांत ठेवले. त्याच आठवड्यात सांगलीहून माझी आई आली.

"रिकाम्या बरण्या कसल्या ठेवल्यात रे? आमच्याकडे दुधाच्या कपाटाचे पाय पाण्यात असायचे. मुंगीची काय बिशाद होती वर चढायची!" असं म्हणून तिनं चारी बरण्या पाण्यानं भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धाची किंकाळी. एका बरणीत विंचू! पाण्यात पाय मारत होता, पण बाहेर येता येत नव्हतं. काचेवर चढता येत नाही, तर हा आत गेला कसा? मी काकांना फोन लावला.

"बाहेर आला का?"

"नाही."

"मग झालं तर. सिस्टीम वर्क करतेय!"

त्याच दुपारी मुग्धानं गराजमधून मोठी बॅग आणून हॉलमध्ये उभी केली. रिकामीच होती. पण उभी होती.

* * *

आईच्या आग्रहानं सत्यनारायण झाला. पंचवीस-तीस माणसं आली. आपली पद्धत! सगळ्यांनी चपला-बूट दाराबाहेर काढले. बाहेर वाळवंट, आणि दोन तास बूट उघडे. प्रसाद घेऊन निघताना काका ओरडले, "झटकल्याशिवाय कुणी पाय घालू नका!" मग काय, सगळी मंडळी रांगेत उभी राहून बूट भिंतीवर आपटायला लागली. धप, धप, धप! समोरची लिंडा बाई झाडांना पाणी घालायची थांबून बघत होती.

पुढच्या महिन्यात आम्ही लिंडाला जेवायला बोलावलं. तिनं दारात बूट काढले, दोन्ही हातांत धरले, भिंतीवर तीनदा आपटले, हात जोडले आणि मगच आत आली. आई म्हणाली, "किती संस्कारी बाई आहे!"



* * *

विंचवांचं असं चाललं होतं, तेवढ्यात मागच्या कुंपणापलीकडे रॅटलस्नेक दिसला, शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी साप. कुंपण लोखंडी गजांचं, त्यांच्यामधून साप सहज आत येतो. त्याला उपाय एकच. खालून बारीक जाळी बसवायची आणि तिची कड वीतभर जमिनीत गाडायची. हे काम करणाऱ्या हेक्टरनं दीड महिन्यानंतरची तारीख दिली. तोवर ईरा सोफा धरून उभी राहायला लागली. मी रोज मनात म्हणायचो, बस गं राणी, खाली बस.

ठरलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी हेक्टर जाळीचं भेंडोळं अंगणात टाकून गेला. सकाळी सहाला आला आणि त्यानं कुदळ उचलली. तेवढ्यात आई धावत बाहेर. "थांबा! आज नागपंचमी आहे. आज खणायचं नाही!"

आईचं माहेर शिराळ्याकडचं. तिथे या दिवसापुढे दिवाळीसुद्धा फिकी. तिनं पोर्चवर पाट मांडून त्यावर गंधानं नाग काढला होता, पुढे दूध आणि लाह्या.

मुग्धा म्हणाली, "आई, अहो, सापाला बाहेर ठेवायलाच खणतोय तो!"

"म्हणून तर. सणाच्या दिवशी त्याच्या तोंडावर दार लावायचं?"

मुग्धा माझ्याकडे वळली. "तुझी आई त्याला जेवायला बोलावतेय." आवाज अगदी शांत.

मी हेक्टरला इंग्रजीत सगळं समजावलं. त्यानं विचारलं, "म्हणजे आज सापांची सुट्टी आहे?"

"सापांची नाही. आपली."

तो बिचारा गोंधळला. मीही गोंधळलेलोच होतो. मग त्यानं कुदळ खाली ठेवली. "माझ्या आजीचेही असे दिवस असायचे. उद्या सहाला येतो." जाळीचं भेंडोळं सावलीत सरकवायला तो वाकला, आणि आतून खुळखुळा वाजला. ईराचा वाजतो तसाच. फक्त थांबेना.

हेक्टर एका उडीत पाटापाशी! मी फायर स्टेशनला फोन केला, इथे साप पकडायला तेच येतात. दोघं आले, त्यांनी लांब चिमट्यानं साप उचलला, बादलीत घातला, झाकण लावलं. ते निघणार तेवढ्यात आई म्हणाली, "एक मिनिट." तिनं झाकणावर हळदकुंकू वाहिलं. त्यातल्या एकानं टोपी काढून हातात धरली.

बादली अजून अंगणातच होती, आणि चर्चा सुरू झाली. आई म्हणाली, पूजेला आला. हेक्टर म्हणाला, सावलीला आला. काका फोनवर म्हणाले, "लाह्यांवर उंदीर आला असेल, उंदरावर साप." मुग्धानं मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मला काहीच वाटत नव्हतं. म्हणजे सगळंच वाटत होतं.

तेवढ्यात पोर्चवर ईरानं खुर्चीचा हात सोडला. एक, दोन, तीन, चार पावलं! थेट बादलीच्या दिशेनं! मी झेप घालून तिला उचललं.

हॉलमधली बॅग काचेच्या दारातून दिसत होती. मी मुग्धाकडे बघायचं टाळत होतो.

मुग्धानं ईराला माझ्याकडून घेतलं आणि तिच्या तळव्यांची धूळ पुसली. पाटावरच्या नागाकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"उद्या किती वाजता म्हणाला तो?"

"सहाला."

"त्याला सांग, पाचला ये. आज खणायचं नाही ना? मग आज चालायचंही नाही. ईरा आज चाललेलीच नाही."