कॅलेंडरात भरलेली पंचमी

बायको गेल्यावर मी अख्खं घर कॉम्प्युटरवर चढवलं. वीजबिल, गॅसचं बुकिंग, रक्तदाबाची गोळी, जवळच्या ओरत्तनाडू गावच्या बसची वेळ, सगळं एका ऑनलाइन कॅलेंडरात. सरकारी कचेरीत जन्मभर फायली लावलेला माणूस मी, मला हे जमणारच. मुलगी सिंगापूरला असते. तिलाही ते कॅलेंडर तिकडे दिसतं. काम झालं की मी हिरवी खूण करतो, आणि खूण दिसली की बाप ठीक आहे हे तिला कळतं. मग फोन करायची गरजच उरत नाही. सोय म्हणतात ती हीच.

त्याच कॅलेंडरात मी रोज एक ओळही लिहितो. ती मात्र फक्त मला दिसते. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत पत्रंही अशीच लिहीत. देवनागरी मी फार उशिरा शिकलो. ‘आज दही आंबट’, ‘आज गुडघा’, असलंच काहीतरी. बोलायला कोणी नसलं की माणूस दह्याबद्दलही लिहितो.

घरातल्या तिथी बायको सांभाळायची. माझ्या आईची, वडिलांची, तिच्या भावाची. ‘पुढच्या गुरुवारी तुमच्या अप्पांची तिथी, मेसमध्ये जेवून येऊं नका,’ एवढं ती सांगायची आणि मी पाटावर बसायचो. तिची स्वतःची तिथी सांगायला ती नव्हती. पहिल्या वर्षी आमच्या मराठी शास्त्रीबुवांनी दिवस काढून दिला, सगळं यथासांग केलं. मग तेही चेन्नईला मुलाकडे गेले, आणि दुसऱ्या वर्षी हे काम माझ्यावर आलं.

मी घाबरलो नाही. पंचांगाची वेबसाइट उघडली. तिनं गाव विचारलं, मी तंजावूर भरलं. बायको गेली तो दिवस विचारला, तो भरला. क्षणात उत्तर आलं. मी ते कॅलेंडरात टाकलं, गडद निळा रंग दिला, मुलीला कळवलं. तिनं त्या दिवसाची रजा टाकली. शेजारच्या गल्लीतल्या तमिळ वाध्यारांना, म्हणजे भटजींना, मी तारीख सांगितली आणि त्यांनी ती लिहून घेतली. वर मुलीला फोनवर ऐकवलंही, ‘तुझ्या आईला आयुष्यभर जे डोक्यात ठेवावं लागलं, ते मी दोन मिनिटांत केलं.’ शहाण्याला आपली अक्कल दाखवायची घाई फार.

त्या सकाळी मी पाटावर बसलो. समोर स्टुलावर फोन, फोनमध्ये मुलगी, न्हाऊन, ओल्या केसांनी. वाध्यार संकल्प सांगू लागले. ‘सिंहमासे,’ ते म्हणाले, आणि माझी जीभ थांबली.

गेल्या वर्षी याच ठिकाणी मी अडखळलो होतो, म्हणून शास्त्रीबुवांनी महिन्याचा शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता. तो शब्द होता श्रावणमासे. आम्हा मराठी लोकांचे महिने चंद्रावर चालतात, तमिळ शेजाऱ्यांचे सूर्यावर; सिंह हा त्यांचा महिना. काही वर्षी दोन्ही एकत्र पडतात, काही वर्षी महिनाभराचं अंतर. गाव तंजावूर भरल्यावर वेबसाइटनं तंजावूरचा हिशेब दिला. तिची काय चूक? तीनशे वर्षं इथं राहून आम्ही अजून दुसऱ्याच चंद्रावर जगतो, हे तिला कोण सांगणार? घरात ही चूक पकडणारं एकच माणूस होतं, आणि श्राद्ध तिचंच होतं.

तिची खरी तिथी, श्रावणातली वद्य पंचमी, महिन्यापूर्वीच होऊन गेली होती.

‘काय झालं?’ वाध्यारांनी तमिळमध्ये विचारलं. फोनमधून मुलगी बघत होती. मी ‘सिंहमासे’ म्हटलं. पिंड ठेवले, तीळ सोडले.

‘अप्पा, अस्की नीट झालं की?’ मुलीनं शेवटी विचारलं. सगळ्याला आमच्या बोलीत अस्की म्हणतात.

‘अस्की नीट झालं,’ मी म्हणालो. तिनं डोळे पुसले. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी मी कॉम्प्युटर उघडला. खरी पंचमी कुठल्या तारखेला होती ते शास्त्रीबुवांना फोन करून विचारलं. त्यांनी दोन श्वासांत सांगितलं आणि पुढं एवढंच म्हणाले, ‘मला आधी कां विचारलं नाहीं तुम्ही?’ मी फोन ठेवला. मग कॅलेंडरातला त्या तारखेचा चौकोन उघडला.

गॅस, हिरवी खूण. गोळी, हिरवी खूण. बस, हिरवी खूण. त्या दिवशी मी पेन्शनच्या कागदासाठी ओरत्तनाडूला गेलो होतो आणि दुपारी मेसमध्ये जेवलो होतो. कांद्याचं सांबार होतं. मला चांगलं आठवतं, कारण मी दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं.

खाली माझी रोजची ओळ होती. त्या दिवशी मी कोणावर तरी रागावलो होतो, बहुधा मुलीवर, बहुधा सगळ्या जगावर. तमिळ अक्षरांत, माझ्याच हातची:

‘आज दिवसभर कोणाचा फोन नाही. कोणाला आठवण म्हणून नाही.’