गिरमिटमामा आणि वीस ग्रॅम

गिरमिटमामांच्या हातात कुठलीही वस्तू आली, की ते आधी ती तळहातावर तोलत, मग नखाने वाजवून बघत आणि मग विचारत, "हिला भोकं पाडू का?" तुम्ही दोघं इथे येता तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या ज्या सांडशीची भोकं मोजत बसता, ती त्यांनी पाडलेली. मागच्या दाराच्या कडीला आहेत तीही त्यांचीच. तुमच्या बाबाच्या तीनचाकी सायकलच्या पेडलांनाही होती. "हे कुणी केलं?" असं तुम्ही विचारलंत, की आजोबा पेपर खाली न करता म्हणायचे, "ज्याने माझा पाय मोडला, त्याने." त्यावर तुम्ही गप्प व्हायचात आणि मीही. मी का गप्प व्हायचे, ते आज लिहिते आहे. आजोबा आता नाहीत, मामा तर कधीच गेले, त्यामुळे लिहून कुणाचं काही सुधारणार नाही.

बासष्ट साली लग्न होऊन मी चिंचवडला आले. तेव्हा इकडे एकेक कारखाना उभा राहत होता आणि दोन कारखान्यांच्या मधे ज्वारीची शेतं होती. आजोबा एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. मामा त्याच कंपनीच्या टूलरूममध्ये ड्रिलिंग मशिनवर. ते चाकणजवळच्या एका खेड्यातले. आठवडाभर कासारवाडीला खोली करून राहत आणि सुट्टीला गावी जात. गिरमिट, म्हणजे भोकं पाडायचं सुताराचं हत्यार, हे नाव टूलरूममधल्या लोकांनी ठेवलेलं. मामांना ते आवडायचं. कंपनीत ते आजोबांना 'साहेब' म्हणत आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'राव'. वयाने ते दहा वर्षांनी मोठे होते, तरी मला शेवटपर्यंत वैनीच म्हणाले.

दोघांना एकत्र आणलं ते एका मोटारसायकलने. पुण्यात कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थाच्या गॅरेजमध्ये ती कित्येक वर्षं पोत्यांखाली उभी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, इंग्लंडात खास शर्यतींसाठी बांधलेली, एकाच सिलिंडरची. आजोबांनी ती घरी आणली त्या दिवशी मामांनी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या आणि म्हणाले, "म्हातारी हाय, पन हाडं चांगली हायेत." तेव्हापासून ती म्हातारी. आमच्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत तिला जागा मिळाली. शर्यतीच्या जुन्या इंजिनांत एरंडेल घालत असत. ती सुरू झाली की सगळ्या चाळीत एरंडेल जळल्याचा वास पसरायचा आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, "अगं, सगळ्यांची पोटं एकदम बिघडली की काय?"

तिचे सुटे भाग या देशात मिळत नव्हते. जे मोडेल ते टूलरूमच्या टाकाऊ तुकड्यांतून घडवायचं, असा सगळा प्रकार. आजोबा रद्दीच्या दुकानांतून जुनी इंग्रजी मासिकं आणत. सुट्टीच्या सकाळी मी ती वाचून मराठीत सांगायची. मामा भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत, "वैनी, ह्यो सायेब वजन कुठं काढतो?" इंजिनाला याहून ताकद येणार नाही हे त्यांना कळलं होतं. मग गाडी हलकी करायची. म्हातारीचा एकेक भाग उतरवून ते पिशवीतून नेत आणि चाळणीसारखा करून आणत. अगदी ओळीत, सारख्या अंतरावर, कडा घासून गुळगुळीत केलेली भोकं. मला ती रांगोळीच्या ठिपक्यांसारखी वाटायची.

पण त्यांचा एक नियम होता आणि गाडीला हात लावताना दर वेळी ते तो मोठ्याने म्हणत. "जे पळतं त्याला भोक. जे धरतं त्याला न्हाई." साखळीचं चक्र, मडगार्डच्या पट्ट्या, सीटखालचा पत्रा, हे सगळं पळणारं. हँडल, सांगाड्याचे जोड आणि ब्रेकचं जे जे काही असेल ते धरणारं. आजोबा एकदा हँडलच्या पकडीवरून वाद घालत होते, तेव्हा मामांनी पाना खाली ठेवला. "राव, पळायचं काम इंजिनाचं. मानसाला घरी आनायचं काम ह्यांचं. ह्यांना उपाशी ठेवायचं न्हाई."

या सगळ्यात माझं काम वजनाचं. किलोग्रॅमची नवी वजनं आली तेव्हा मी एक छान तराजू घेतला होता. लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये बसवलेली पितळी वजनं. मामा प्रत्येक भाग भोकं पाडण्याआधी आणि पाडल्यावर माझ्या ओट्यावर आणून ठेवत. मी दोन्ही वजनं वहीत लिहायची आणि किती कमी झालं ते शेवटच्या रकान्यात. मामा तागडीत घालण्याआधीच तळहातावर तोलून आकडा सांगत. मी त्यांना फसवायला एकदा कापडात गुंडाळून वांगी दिली. "तीनशे," ते म्हणाले, "आन् आत एक किडकं हाय." दोनशे नव्वद भरली. एक किडकंही निघालं.

हसणं पुष्कळ व्हायचं त्या पडवीत. दिवाळीत आजोबांनी तिसरी चकली उचलली तर मामांनी ताट ओढून घेतलं. "ठेवा ती खाली. मी चार म्हैने भोकं पाडतोय आन् तुमी चार दिवसांत भरून काढताय." त्यांची बायको एकदा गावाहून वांग्याचं भरीत आणि भाकऱ्या घेऊन आली होती. आमच्या घरातली कडी बघून ती कपाळावर हात मारून म्हणाली, "हितं बी! आवो, आमच्याकडं उलथन्याला हायेत, दिव्याच्या ठानवईला हायेत. माझं नाक-कान आदीच टोचल्यालं म्हनून मी वाचले."

म्हातारी आजोबांना घेऊन घाटातल्या आणि माळावरच्या चार-सहा शर्यती धावली. एकदा दुसरी आली. मग एक मोठी शर्यत ठरली, दिवसभराच्या प्रवासावर, महायुद्धाच्या काळात बांधलेल्या एका जुन्या धावपट्टीवर. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आजोबा टेम्पो ठरवायला गेले होते. मामा पडवीत बसून नटबोल्ट तपासत होते आणि मी वहीतल्या शेवटच्या रकान्याची बेरीज करत होते. एकोणीस किलो नऊशे ऐंशी. मी तीन वेळा केली. तेवढीच आली.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कपाटातले टॉवेल एकाच बाजूला घडी करून ठेवते म्हणून तुम्ही मला हसता. अर्धवट आकडा मला तेव्हाही बघवत नसे.

"मामा, वीस ग्रॅम राहिले," मी म्हणाले.

"राहू द्या की. म्हातारीला वीस ग्रॅम कळत न्हाईत."

"मला कळतात ना. वीस किलो पुरे होतील. बघा, एवढंसं." मी पेटीतलं वीस ग्रॅमचं वजन काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. मग गाडीकडे बोट दाखवलं. "ती मागची पट्टी तर अख्खी आहे."

ती पट्टी काय होती ते सांगते. मागच्या चाकात ब्रेकची एक तबकडी असते. ब्रेक दाबला की ती चाकाबरोबर फिरू पाहते. तिने फिरू नये म्हणून एक चपटी लोखंडी पट्टी तिला सांगाड्याशी बांधून ठेवते. वीतभर लांब, दिसायला अगदी बिनकामाची.

"ती धरनारी हाय, वैनी."

"तुमचं सगळंच धरणारं असतं. टूलरूमचा गिरमिट भोकाला भ्याला म्हणून सांगते उद्या चाळीत." मी हसत म्हणाले. खरंच हसत होते मी.

तेही हसले. ते छोटं वजन त्यांनी दोन-तीनदा हातात उडवून झेललं. मग पट्टीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "आठ भोकं बसतील. आठ एमेमची आठ." त्यांनी पट्टी सोडवून पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी टूलरूममधून आणली ती वजन करूनच. बरोबर वीस ग्रॅम कमी. मी वहीत लिहिलं, 'एकूण घट: वीस किलो', आणि फूटपट्टी धरून खाली लाल शाईने दोन रेघा मारल्या. आजोबा टेम्पो घेऊन आले तेव्हा मामा ती बसवून, हात धुऊन, चहा पीत बसले होते.

मी शर्यतीला गेले नव्हते. तुमचा बाबा चार वर्षांचा होता. पुढचं मला मामांनीच सांगितलं, काही न गाळता. तिसऱ्या फेरीत लांब सरळ पट्टा संपून जिथे मोठं वळण लागतं, तिथे आजोबांनी ब्रेक दाबला आणि पट्टी पाचव्या भोकात तुटली. तबकडी फिरली, मागचं चाक जागच्या जागी आवळलं गेलं. म्हातारी आडवी होऊन घसरत गेली आणि आजोबांचा उजवा पाय तिच्याखाली.

गुडघा पुन्हा वाकणार नाही हे ज्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दुपारी मामा पुण्याच्या हॉस्पिटलात आले. रुमालात पट्टीचे दोन तुकडे होते. ते त्यांनी खाटेवर ठेवले. आजोबांनी भोकं मोजली आणि विचारलं, "मामा, ही धरणारी होती. नियम तुमचाच. मग का?"

मी खाटेच्या पायथ्याशी थर्मास घेऊन उभी होते. मामांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी बोलेन म्हणून त्यांनी थोडा वेळ दिला असेल, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं आहे. मग ते म्हणाले, "हाव सुटली, राव."

आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी थर्मासचं झाकण उघडलं आणि दोन कपांत चहा ओतला, दोन्हींत सारखा. मामांनी घेतला नाही.

त्यानंतर आजोबा त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मामांनी बदली मागून घेऊन टूलरूम सोडलं आणि स्टोअरमध्ये गेले. तिथे खिडकीतून कामगारांना हातमोजे आणि पुसायच्या चिंध्या द्यायच्या. भोकं पाडणं संपलं. म्हातारी वर्षभर पडवीत वाकडी पडून राहिली आणि मग भंगारवाला आला. त्याने ती काट्याला लावली आणि म्हणाला, "अहो बाई, एवढी मोठी गाडी आणि वजन कसं काही नाही हिला?" आजोबा काठी टेकत आत निघून गेले.

दहा वर्षं मी रोज त्यांच्या समोर बसून जेवले. सांगायला रोज एक संध्याकाळ होती. आज पाय दुखतो आहे, आज ऑफिसात साहेबांशी वाजलं आहे, आज मूड बरा आहे तर तो कशाला घालवा. इतकी कारणं होती, आणि सगळी नीट घडी घातलेली.

मामांनी अंथरूण धरल्याचं ऐकलं तेव्हा मी एकटी एसटीने चाकणला गेले आणि तिथून त्यांच्या गावापर्यंत चालत. आजोबांना सांगितलं, तुमच्या बाबाच्या शाळेत मीटिंग आहे. मामांचे हात गोधडीवर ठेवलेले होते, अगदी हलके झालेले. त्यांच्या बायकोने चहा टाकला. मी म्हणाले, "मामा, मी आता त्यांना सांगते. पट्टीचं."

"काय सांगनार?"

"मी तुम्हाला पाडायला लावलं."

"ड्रिल माझ्या हातात हुतं, वैनी." ते दम घ्यायला थांबले. "आन् सांगून पाय येनार हाय का? राव कुनावर तरी रागावून जगतोय. मी हितं लांब, माझ्यावर रागावला तर रागावू दे. तुमच्यावर रागावला तर त्या घरात जाईल कुठं?"

त्यांची बायको कप घेऊन आली, तेव्हा ते विषय बदलून म्हणाले, "म्हातारी सुरू करता का आदनंमदनं? नुसती ठिवली तर इंजिन धरंल तिचं."

"करतो की," मी म्हणाले. "परवाच केली. काकू ओरडल्या वासावरून."

ते हसले. मी निघाले तेव्हाही हसत होते.

महिनाभरात निरोप आला. आजोबा जेवत होते. मी सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात चांगला होता त्याचा. असा हात मी पुन्हा बघितला नाही. तो एकदाच का चुकला, ते काही मला कळलं नाही."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "आमटी वाढू?"

त्यानंतर ते तीस वर्षं जगले. तुमच्याशी त्या काठीने क्रिकेट खेळले. कळलं नाही ते कळलंच नाही.

वही माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. लाल शाई अजून फिकी झालेली नाही. सांडशी मी रोज वापरते. दोन्ही दांड्यांना सात-सात भोकं आहेत, तुम्ही मोजली आहेत. पुढच्या वेळी याल तेव्हा ती उलटी धरून बघा. तोंडाजवळ, जिथे गरम पातेलं धरायचं असतं, तिथे एकही नाही.